मोटारगाडी एंजिन दुरुस्तीचे शिक्षण

मोटारगाडी एंजिन दुरुस्तीचे शिक्षण : मोटारगाडीच्या एंजिनातील दोष ओळखणे, एंजिन खोलून सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे आणि ते पुन्हा जुळवून चालू करणे, या कामाचे प्राथमिक ज्ञान नवशिक्यास देण्याच्या निरनिराळ्या रीतींचा या विषयात अंतर्भाव होतो. हे ज्ञान प्रथम गाडी बनविणाऱ्याकडून, नंतर उस्तादाच्या हाताखाली, पुढे पुस्तकांतून व शाळांतून आणि अलीकडे संगणकीय उपकरणांच्या साहाय्याने दिले गेले. यांपैकी कोणती रीत केव्हा रूढ झाली, हे शिक्षणविषयक विचारांपेक्षा एंजिनाच्या रचनेवरच अधिक अवलंबून राहिलेले दिसते. जो दोष डोळ्यांना दिसतो, बोटांना जाणवतो वा कानांना ऐकू येतो, तो शिकविण्यास फारशी साधने लागत नाहीत. दोष अदृश्य झाला की उपकरण लागते. आणि उपकरण ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे विद्येची सूत्रे जातात. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारगाडी].

प्रारंभीचा काळ : कार्ल बेंट्स या जर्मन अभियंत्यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या एकस्वासाठी (पेटंटासाठी) २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. वाटेत करावयाच्या दुरुस्तीचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग त्यानंतर दोनच वर्षांनी घडला. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंट्स या ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्सहाइम येथे गाडीने गेल्या. हे अंतर सु. १०० किमी.हून थोडे अधिक होते. वाटेत इंधन संपले तेव्हा त्यांनी व्हीस्लोख येथील औषधविक्रेत्याकडून लिग्रॉइन हे बाष्पनशील द्रव विकत घेतले. तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेचे निरोधक आवरण झिजले होते तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. आणि ब्रेकचे ठोकळे झिजू लागले तेव्हा त्यांवर चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. ही हकीकत पुढे पुष्कळ रंगवून सांगितली गेली आहे. तथापि इंधन न पोहोचणे, ठिणगी न पडणे आणि भाग झिजणे हे तिच्यातील दोष पुढील जवळजवळ शंभर वर्षे नवशिक्याच्या पहिल्या धड्याचे विषय राहिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पेट्रोल एंजिन चालण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : हवा व इंधन यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, ते मिश्रण सिलिंडरात पुरेसे दाबले जाणे (संपीडन) आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. बंद पडलेल्या एंजिनात यांपैकी कशाची उणीव आहे, हे क्रमाने शोधणे ही या विद्येची मुळाक्षरे होत. जुन्या एंजिनात ती गिरविण्यास एक-दोन पाने व दोन हात पुरत. ठिणगी-गुडदी, म्हणजे सर्वत्र ‘प्लग’ या नावाने ओळखला जाणारा भाग, काढून एंजिनाच्या धातूस टेकवावा व एंजिन फिरवावे. निळसर ठिणगी दिसली तर प्रज्वलन ठीक आहे. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून पाहिली असता इंधन येते की नाही ते कळते. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि एंजिन फिरविताच तो दाबाने उडाला, तर संपीडन आहे असे समजावे. काढलेला प्लगही पुष्कळ काही सांगतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन योग्य होत आहे. कोरडी काजळी धरली असेल तर मिश्रणात इंधन जास्त आहे. तेलकट ओल असेल तर वंगण तेल दट्ट्याच्या कड्यांवरून किंवा झडपांच्या मार्गदर्शकांतून वर येत आहे. आणि टोक पांढरेफटक पडले असेल तर मिश्रण विरल आहे किंवा एंजिन अतिशय तापत आहे. नाडीपरीक्षेशी या परीक्षेची तुलना अनेकदा करण्यात येते व ती अगदीच गैरलागू नाही.

चालक हाच कारागीर : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारगाडी ही श्रीमंतांची वस्तू होती आणि तिच्या मालकास एंजिनात हात घालण्याची सहसा इच्छा नसे. त्यासाठी तो पगारी माणूस ठेवी. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘भट्टी पेटविणारा’ असा असून तो वाफेच्या एंजिनांच्या जगातून आला आहे. गाडी चालविणे हे शोफरचे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम ती चालू स्थितीत ठेवण्याचे असे. या ज्ञानामुळे मालक व नोकर यांच्यातील नेहमीचे नाते काहीसे उलटे झाले. गाडीस काय झाले आहे हे फक्त नोकरास ठाऊक असे आणि त्याने सांगितलेला खर्च मालकास मुकाट्याने द्यावा लागे. दुरुस्तीगृहांकडून दलाली घेणे, मालकाच्या अपरोक्ष गाडी फिरवून आणणे अशा तक्रारींनी त्या काळातील अमेरिकन नियतकालिके भरलेली आहेत. ख्रिस्ती युवक संघाने (वाय. एम. सी. ए.) बॉस्टन, न्यूयॉर्क इ. शहरांत याच सुमारास मोटार-शाळा काढल्या. तेथे भावी शोफरांबरोबर गाड्यांचे मालकही शिकावयास येत, ते या अविश्वासामुळेच. सेंट लुइस येथील ए. एल. डाइक यांनी याच काळात पत्रद्वारा शिक्षणाचा क्रम चालविला व पुढे मोटारगाडी आणि पेट्रोल एंजिन यांचा एक जाडजूड कोश तयार केला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

इंग्लंडमध्ये डॉरथी लेव्हिट या मोटारशर्यतीत भाग घेणाऱ्या महिलेने द वूमन अँड द कार हे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. स्त्रियांनी गाडीची किरकोळ दुरुस्ती स्वतः कशी करावी, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले आहे. मागचा रस्ता पाहण्यासाठी हातआरसा जवळ बाळगावा, ही त्यातील सूचना विशेष प्रसिद्ध आहे. गाड्यांना आरसे बसविण्याची चाल पुढे पडली.

फोर्ड टी : एंजिन दुरुस्ती ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील विद्या बनविण्याचे श्रेय बव्हंशी एका गाडीस द्यावे लागते. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने ऑक्टोबर १९०८ मध्ये विक्रीस आणलेली ‘मॉडेल टी’ ही गाडी १९२७ पर्यंत बनत होती आणि त्या अवधीत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती तयार झाल्या. तिची किंमत प्रारंभी ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती ३०० डॉलरच्या खाली आली. हे गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी होते. त्यांच्यापाशी शोफर नव्हता आणि जवळपास दुरुस्तीगृहही नव्हते. परंतु कापणीयंत्रे व पंप यांच्यामुळे पाना हाताळण्याची सवय मात्र होती.

या गाडीचे चार सिलिंडर एकाच ओतकामात असून त्यांचे डोके (सिलिंडर हेड) वेगळे काढता येई. आज ही गोष्ट सामान्य वाटते. पण तत्कालीन अनेक एंजिनांत डोके व सिलिंडर एकसंध ओतलेले असत आणि झडपांपर्यंत किंवा दट्ट्यापर्यंत पोहोचणे हे मोठे जिकिरीचे काम असे. फोर्ड टीमध्ये बोल्ट काढून डोके उचलले की दट्ट्यांचे माथे, त्यांवर साठलेला कार्बन व झडपा एकाच दृष्टिक्षेपात दिसत. प्रज्वलनासाठी गतिचक्रावर सोळा चुंबके बसविलेली असून त्यांपासून मिळणारी वीज चार कंपक वेटोळ्यांना पुरविली जाई. ही वेटोळी चालकासमोरच एका लाकडी पेटीत असत. एंजिन अडखळू लागले की चालू स्थितीतच ही पेटी उघडावी व एकेका कंपकाची पट्टी बोटाने दाबून धरावी. ज्याची पट्टी दाबली असता एंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच निकामी आहे, हे उघड होई. दोष शोधण्याची इतकी साधी व इतकी पटणारी रीत नंतरच्या कोणत्याही एंजिनाने नवशिक्यास दिली नाही.

गाडीबरोबर मिळणारी कंपनीची पुस्तिका प्रश्नोत्तररूप होती. एंजिन सुरू का होत नाही, ते तापते का, शक्ती कमी का पडते, असे गाडीवाल्याच्या तोंडचे प्रश्न तीत एकामागून एक घेतलेले असत. तथापि या विद्येचा पहिला पाठ पुष्कळांना वेदनेच्या रूपाने मिळाला. एंजिन दांड्याने (हँडलने) फिरवून सुरू करावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर दांडा उलट फेकला जाई व मनगट मोडे. त्या विशिष्ट मोडीस वैद्यकात शोफरचा अस्थिभंग हे नाव कायमचे चिकटले आहे. म्हणून दांडा डाव्या हाताने, खालून वर ओढून फिरवावा आणि अंगठा त्याभोवती न वळविता इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा, असे शिकविले जाई. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् प्रारंभक (सेल्फ स्टार्टर) १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर आला. फोर्ड टीला तो १९१९ मध्ये मिळू लागला.

शाळा व सैन्य : पहिल्या महायुद्धात मोटारवाहनांची संख्या एकाएकी वाढली आणि लष्करांना हजारो माणसे थोड्या महिन्यांत शिकवून तयार करावी लागली. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहण्यास सवड नव्हती. त्यामुळे कामाचे तुकडे पाडून, कापलेले एंजिन समोर ठेवून व तक्ते टांगून शिकविण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत १९१७ मध्ये संमत झालेल्या स्मिथ-ह्यूझ अधिनियमाने शालेय व्यवसाय-शिक्षणास केंद्रीय मदत सुरू केली आणि मोटारदुरुस्तीचे वर्ग माध्यमिक शाळांत उघडले. दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत अधिक मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी १९४५ मध्ये स्त्रियांच्या साहाय्यक सैन्यदलात चालक व मेकॅनिक म्हणून घेतलेले शिक्षण सर्वश्रुत आहे. शाळांचा एक अनिष्ट परिणाम मात्र लवकरच दिसू लागला. पुस्तकी अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना या वर्गांकडे वळविण्याची प्रथा अमेरिकेत पडली आणि ज्या कामास तर्कशक्तीची सतत गरज असते ते काम मंदबुद्धींचे म्हणून ओळखले जाऊ लागले.

पुस्तके : मालकाने स्वतः एंजिन खोलावे यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत दोन विशेष उल्लेखनीय होत. जॉन हेन्झ या इंग्रज तरुणाने विद्यार्थिदशेतच १९५६ मध्ये ऑस्टिन सेव्हन गाडीवरून खास गाडी बनविण्याविषयी एक पुस्तिका काढली होती. हवाईदलाच्या नोकरीत ते एडन येथे असता एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडी घेतली; पण कारखान्याची मार्गदर्शक पुस्तिका सामान्य मालकाच्या उपयोगाची नव्हती. हेन्झ यांनी एंजिन स्वतः खोलले, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेतली व ते पुन्हा जुळविले. त्यावरून सिद्ध झालेले पुस्तक १९६६ मध्ये निघाले आणि त्याच्या पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. गाडी प्रत्यक्ष खोलल्याशिवाय तिच्यावर पुस्तक लिहावयाचे नाही, हा दंडक या मालेने पुढे अनेक दशके पाळला. छापील स्वरूपातील नवी पुस्तके काढणे २०२० मध्ये थांबविण्यात आले.

दुसरे पुस्तक अमेरिकेतील जॉन म्यूर यांचे. फोक्सवॅगन गाडी जिवंत कशी ठेवावी, हे अगदी अडाण्यासही कळावे अशा हेतूने लिहिलेले हे पुस्तक १९६९ मध्ये न्यू मेक्सिकोमधून प्रसिद्ध झाले. म्यूर हे व्यवसायाने अभियंता होते आणि मोठ्या उद्योगातील नोकरी सोडून आले होते. पीटर अ‍ॅशवँडन यांनी काढलेल्या चित्रांत एंजिनाचा एकेक भाग हवेत सुटा तरंगताना दिसतो. गाडीशी बोलावे, तिचे ऐकावे, अशी लेखकाची भाषा आहे. ती काहींना भाबडी वाटली. परंतु पाना प्रथमच हाती घेणाऱ्याची भीती घालविण्याचे काम तिने केले, हे नाकारता येत नाही. फोक्सवॅगनचे मागील बाजूस असलेले हवाशीतित एंजिन चार ठिकाणी बोल्टने धरलेले असून ते घरगुती साधनांनी खाली उतरविता येई. अशा एंजिनाशिवाय असे पुस्तक संभवले नसते.

भारत : भारतात मोटारगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. संस्थानिक, व्यापारी व अधिकारी यांच्या या गाड्यांबरोबर ‘ड्रायव्हर’ व त्याच्या हाताखालचा ‘क्लीनर’ ही जोडी उदयास आली. गाडी पुसणे, पाणी व तेल घालणे, चाक बदलणे आणि ड्रायव्हर एंजिनात वाकला असता दिवा धरणे ही क्लीनरची कामे. एंजिन दुरुस्तीचा या देशातील पहिला विद्यार्थी म्हणून त्याचाच निर्देश करावा लागेल. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे परदेशी भागांपासून गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. तो व अन्य जुळणी कारखाने यांतून प्रशिक्षित कामगारांचा एक वर्ग निर्माण झाला. दुसऱ्या महायुद्धात केंद्र शासनाने १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची योजना सुरू केली आणि लष्करात विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल १९४३ मध्ये उभारले. युद्ध संपल्यावर यांतील अनेकांच्या हातची कला नागरी जीवनात आली.

स्वातंत्र्योत्तर काळात गाड्यांचे उत्पादन मुख्यत्वे दोन कारखान्यांभोवती एकवटले : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मुंबईतील कुर्ला येथील कारखाना आणि हिंदुस्थान मोटर्सचा पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखाना. पहिल्याची फियाट ११०० (पुढील नाव प्रीमियर पद्मिनी) ही १,०८९ घ. सेंमी. क्षमतेची गाडी १९६४ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत बनत होती. दुसऱ्याची अ‍ॅम्बॅसडर १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत निघत राहिली. स्पर्धेच्या अभावी नमुने बदलले नाहीत, याबद्दल ग्राहकांनी पुष्कळ तक्रार केली आणि ती रास्तच होती. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही स्थिती वरदान ठरली. एकच एंजिन बाप, मुलगा व नातू अशा तीन पिढ्यांनी खोलले. त्याचा प्रत्येक आवाज ओळखीचा झाला आणि त्याचे जुने भाग कुर्ल्याच्या बाजारात हमखास मिळत.

गॅरेजातील शिक्षणास लेखी अभ्यासक्रम नव्हता; पण क्रम होता. नवा पोऱ्या प्रथम काही महिने सुटे भाग रॉकेलमध्ये धुई, पाने पुसून मांडून ठेवी आणि चहा आणी. या अवधीत त्याला भागांची नावे व पान्यांचे आकडे पाठ होत. फियाटला मिलिमीटरचे पाने लागत, तर अ‍ॅम्बॅसडरला इंचांचे. इंचाचा हिशेब मिस्त्री सुतांत करीत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्रीने नुसता आकडा उच्चारताच योग्य पाना त्याच्या हातात पडला पाहिजे, ही पहिली परीक्षा. त्यानंतर प्लग साफ करणे, वितरकातील पॉइंट घासून त्यांच्यातील फट सु. ०·४ मिमी. ठेवणे, झडपा कार्बोरंडमच्या मलमाने बैठकीवर घासणे अशी कामे हाती येत. डोके बसविताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूस, थोडे थोडे करून आवळावे लागतात. अन्यथा गॅस्केट फुटते. हे कारणासह सहसा कोणी सांगत नसे. चूक झाली की शिवी मात्र मिळे.

या परंपरेत अनेक चतुर युक्त्या होत्या. अ‍ॅम्बॅसडरसारख्या चार सिलिंडरांच्या, आठ झडपांच्या एंजिनात झडपांची फट (टॅपेट) जुळविताना नवाचा नियम वापरीत. जी झडप पूर्ण उघडलेली असेल तिचा क्रमांक नवातून वजा करावा. उरलेल्या क्रमांकाची झडप पूर्ण मिटलेली असते व तिची फट त्या वेळी तपासावी. पहिली उघडी असता आठवी, तिसरी उघडी असता सहावी. भुजादंडाचे कोन व उघडझापीच्या आकृत्या यांचे सारे गणित या एका वजाबाकीत सामावले आहे. उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडली की इंधनपंपावर ओले फडके टाकण्याचा उपायही असाच. पंपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो. तो पंप थंड झाल्यावर पूर्ववत होतो. उपाय सर्वांस ठाऊक होता, कारण फार थोड्यांना.

या उणिवेकडे दुर्लक्ष करता येत नाही. कारणाचे ज्ञान पुस्तकांत राहिले, हाताचे कसब गॅरेजात राहिले आणि या दोहोंत भाषेचीही भिंत होती. मराठी ग्रंथांतून दट्ट्या, झडप, भुजादंड, ठिणगी-गुडदी अशा संज्ञा घडविण्यात आल्या. गॅरेजात पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँक व प्लग हेच शब्द चालले. तेथील खरी मराठी नामांत नसून क्रियापदांत व तक्रारींत होती : एंजिन तेल खाते, धूर मारते, मिसिंग करते, पकडते, गाडी ओढत नाही. दोषनिदानाचा हा सबंध कोश तोंडीच राहिला. सुशिक्षित घरांत हात काळे करणे कमीपणाचे मानले गेल्यामुळे तो लिहून ठेवण्याचे काम फारसे कोणी अंगावर घेतले नाही.

शिकणाऱ्याच्या आरोग्याची किंमतही या पद्धतीने मोजली नाही. पेट्रोलने हात धुण्याची चाल सर्वत्र होती आणि फेब्रुवारी २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल येईपर्यंत त्या पेट्रोलमध्ये शिशाचे विषारी संयुग मिसळलेले असे. ब्रेक व क्लच यांच्या अस्तरांतील अ‍ॅस्बेस्टसची धूळ तोंडाने फुंकून उडवीत. बंद शेडमध्ये एंजिन चालू ठेवल्याने साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर वासावरून कळतही नाही. पोऱ्या बहुधा शाळकरी वयाचा असे. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने, कौटुंबिक व्यवसायासारखे अपवाद वगळता, सर्वच व्यवसायांत बंदी आहे.

शासकीय शिक्षणाचा पाया १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेने घातला. तीनुसार प्रारंभी देशात सु. ५० औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आय. टी. आय.) उघडण्यात आल्या. मोटारवाहन मेकॅनिकचा त्यांतील अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात मापन, जोडकाम, एंजिन, गतिप्रेषण व विद्युत् व्यवस्था यांचा समावेश होतो. शिकाऊ उमेदवारांविषयीचा अधिनियम १९६१ मध्ये झाला व कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. या संस्थांनी हजारो तरुणांना राज्य परिवहनाच्या कार्यशाळांत व कारखान्यांत स्थैर्याच्या नोकऱ्या मिळवून दिल्या. परंतु त्यांचे दार शाळा पूर्ण केलेल्यांसाठीच उघडे होते. वीस वर्षे एंजिने खोलणारा मिस्त्री प्रमाणपत्राअभावी अकुशल ठरे आणि प्रमाणपत्रधारक पहिल्या नोकरीत त्याच्याच हाताखाली खरे काम शिके. पूर्वज्ञानास परीक्षा घेऊन मान्यता देण्याची सोय २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून उपलब्ध झाली. एवढ्या जुन्या गरजेच्या मानाने ती फारच उशिरा आली.

इलेक्ट्रॉनिकीचा शिरकाव : बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या एका गाडीवर आली. हवेच्या प्रदूषणावरील निर्बंध जसे कडक झाले, तसा कार्ब्युरेटर मागे पडला. कारण मिश्रणाचे प्रमाण क्षणोक्षणी अचूक राखणे त्यास शक्य नव्हते. दोषाची नोंद गाडीनेच ठेवावी, असा नियम कॅलिफोर्नियात १९८८ च्या नमुन्यांपासून लागू झाला व १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या गाड्यांस एकाच प्रमाणित प्रकारची सोळा टोकांची जोडणी आली. भारतात १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० ही गाडी प्रारंभी कार्ब्युरेटरचीच होती. अंतःक्षेपण सर्वत्र पसरले ते २००० नंतर. गाडीतच दोषनिदान करणारी व्यवस्था भारत टप्पा चार या निकषांबरोबर २०१० पासून आणि अधिक विस्तृत स्वरूपात २०१३ पासून आवश्यक झाली. एप्रिल २०२० पासून टप्पा सहा लागू आहे.

या बदलाने विद्या नष्ट झाली असे म्हणणे बरोबर नाही. तिचे स्थान मात्र बदलले. दोषांक वाचणे म्हणजे दोष शोधणे नव्हे, हे नवशिक्यास आज प्रथम शिकवावे लागते. उदा., ‘पी ०१७१’ हा अंक मिश्रण विरल असल्याचे सांगतो. त्याचे कारण फाटलेली रबरी नळी, दुबळा इंधनपंप किंवा मळलेला हवाप्रवाहमापक यांपैकी काहीही असू शकते. अंक पाहून संवेदक बदलणारा कारागीर ग्राहकाचे पैसे घालवितो आणि दोष तसाच राहतो. ज्याने पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा चोरणारी फट कानाने शोधली आहे, तो येथेही लवकर मुक्कामास पोहोचतो. मात्र त्याला उपकरण व कंपनीची माहिती या दोन्ही गोष्टी मिळाल्या पाहिजेत, आणि तंटा नेमका येथेच आहे. मॅसॅचूसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये, स्वतंत्र दुरुस्तीगृहांस ही माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक करणाऱ्या प्रस्तावास प्रचंड बहुमताने मान्यता दिली. भारत शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व माहितीचे संकेतस्थळ उघडले. त्यात मोटारवाहने हे एक क्षेत्र आहे. सहभाग उत्पादकांच्या इच्छेवर सोडल्यामुळे त्याचा गल्लीतील गॅरेजास होणारा उपयोग मर्यादित आहे.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आता विद्युत् मोटारगाडीच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम असून त्यात प्लग, पॉइंट व झडपा यांपैकी काहीच नाही. एंजिन खोलण्याच्या जागी तेथे पहिला पाठ नारिंगी आवरणाच्या तारा ओळखण्याचा, निरोधक हातमोजे तपासून घालण्याचा आणि घटमालेचा उच्च दाबाचा पुरवठा तोडून तो खरोखर तुटला आहे याची मापकाने खात्री करण्याचा असतो.